अर्ध्या तासात मोजलेलं

फार जुनी नव्हे, याच वर्षीची गोष्ट आहे. एक जाणता म्हातारा होता आणि त्याच्याकडे गेलेला एक उतावळा धाकटा भाऊ होता. तो भाऊ मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको.

माझ्या थोरल्या भावाने, सर्जेरावदादाने, एका जुन्या मिनीबसचं घर केलं होतं. आत दोन पलंग, छोटा ओटा, फ्रिज, दोन पंखे. आम्ही तिला घरगाडी म्हणायचो. फिरायला निघालेल्या कुटुंबांना घेऊन दादा ती स्वतः चालवायचा. अशा गाडीत एक बॅटरी इंजिन चालू करण्यासाठी असते आणि बाकीच्या बॅटऱ्या आतल्या घरासाठी. गाडी उभी असली की दिवे, पंखा, फ्रिज सगळं या घराच्या बॅटऱ्यांवर चालतं. गाडी धावू लागली की इंजिन त्यांना पुन्हा भरतं.

मार्गशीर्षात दादा गेला. अडतीस वर्षांचा होता. सकाळी गाडी धुता धुता खाली बसला, तो उठलाच नाही. गाडी माझ्याकडे आली. तिच्याबरोबर दादाने दिलेला एक शब्दही माझ्याकडे आला.

मिरजेच्या पेठे सरांच्या पत्नीला फुप्फुसाचा आजार आहे. त्यांना एकदा देवगडच्या बाजूला माहेरी जाऊन यायचं होतं. माहेरचं घर आता बंद असतं, वीजही तोडलेली. अंगणात गाडी उभी करून दोन दिवस राहायचं, असं दादाने त्यांना कबूल केलं होतं. काकूंना दिवसातून काही वेळ ऑक्सिजनचं मशीन लावावं लागतं, आणि तिथे ते घराच्या बॅटऱ्यांवरच चालणार होतं. बॅटऱ्यांनी दगा दिला, तर बंद पडणार होता तो काकूंचा श्वास.

आणि बॅटऱ्या दगा देत होत्या. माघात मी एका कुटुंबाला पन्हाळ्याला नेलं, तेव्हा दुपारीच फ्रिज बंद पडला. घरी परतल्यावर मीटर लावून बघितलं, तर बॅटऱ्या भरलेल्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी तारा उपटल्या, फ्रिजवाल्याशी भांडलो, त्याची कॉलर धरली. शेवटी बॅटरीच्या व्यापाऱ्याकडे गाडी नेली. त्यानेही मीटर लावला, मशीनचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भरलेल्या आहेत की. फार वाटत असेल, तर दोनांतली एक बदलून टाका. तासा-दोन तासांच्या कामाला पुष्कळ झालं."

एक नवी घेऊन मोकळा झालो असतो. पण दादा बॅटऱ्यांचं सगळं काम भूपालअण्णांकडे करायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तीस किलोमीटर गाडी हाणत त्यांच्या शेडवर गेलो. अण्णा सत्तरीच्या पुढचे. ॲसिडने भोकं पडलेला सदरा घालून दारात बसले होते.

इंजिन बंद करून मी उडी मारली, झाकण उघडलं, मीटर लावला आणि ओरडलो, "हे बघा अण्णा! बारा पॉइंट नऊ व्होल्ट! भरलेल्या आहेत का नाहीत, तुम्हीच सांगा!"

अण्णा सावकाश उठले. त्यांनी माझ्या हातातला मीटर घेतला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"बस," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

"बस म्हणतोय न्हवं. चहा घेणार का?"

"मला घाई आहे, अण्णा."

"ते दिसतंयच. गाडी थांबायच्या आधी तू उतरलास."

चहा आला, संपला. तेवढ्यात मी काकूंच्या मशीनचं सगळं सांगून टाकलं. अण्णा एका स्कूटरची बॅटरी उघडून तिच्यात पाणी भरत बसले. मी दोनदा उठलो, दोनदा त्यांनी बोटाने स्टूल दाखवलं. दहा वाजले, अकरा वाजले. मी म्हणालो, "एका मापासाठी एवढा वेळ? व्यापाऱ्याने तर मिनिटात सांगितलं."

"व्यापाऱ्याला ईकायचं असतं, तुला पळायचं असतं. तुमचं दोघांचं बरं जमंल."

बाराच्या सुमाराला त्यांनी कुलूप काढलं. मीटर लावला, तर बारा पॉइंट चार. आम्ही काहीही चालू केलं नव्हतं, तरी आकडा उतरला होता. मग त्यांनी फ्रिज, पंखे आणि दिवे लावले आणि पुन्हा जाऊन बसले. पाऊण तासाने पंख्याचा आवाज जड झाला. मी उठायच्या आत पातं डोळ्यांनी मोजता येईल इतकं हळू फिरू लागलं. मीटर दहाच्या थोडा वर होता.

या वेळी मी आपणहून स्टुलावर जाऊन बसलो.

अण्णा म्हणाले, "इंजिनानं आत्ताच दिलेलं असतं ते बॅटरीच्या अंगावर असतं, अंगात मुरलेलं नसतं. मीटरला ते वरवरचंच दिसतं. ते आधी उतरू द्यावं लागतं. मग थोडं ओझं टाकायचं, शेजारी बसायचं आणि मग ईचारायचं. तू दर टायमाला लांबनं गाडी चालवत आणलीस आन उतरल्या उतरल्या मोजलंस. तसं मोजलं, तर मरायला टेकलेली बॅटरी बी भरलेलीच दिसती. ती तुला खोटं सांगत न्हवती. तू लौकर ईचारत हुतास."

ते बॅटरीबद्दल बोलत होते. मला मात्र रविवार दिसले.

दादा शनिवारी फेरीवरून यायचा आणि रविवारी मी त्याला भेटायला जायचो. मला बघितलं की त्याचा चेहरा उजळायचा. "आलास व्हय, मारत्या?" म्हणत गाडीतल्या ओट्यावर तो माझ्यासाठी चहा टाकायचा, गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. मी विचारायचो, "बरं हाय न्हवं, दादा?" तो म्हणायचा, "एकदम झकास." अर्ध्या तासात मी मोटरसायकलला किक मारून मित्रांकडे निघून जायचो. वर्षभर दर रविवारी मी त्याला मोजलं आणि दर रविवारी तो मला भरलेला दिसला. मी गेल्यावर तो काय करायचा, हे मला आजही माहीत नाही.

अण्णा हात पुसत म्हणाले, "दिवाळी झाल्यावर सर्जेराव आला हुता. ह्याच बॅटऱ्या घेऊन. ह्याच स्टुलावर बसला हुता. पयला घंटाभर हसत हुता. मग बोलणं कमी झालं. दुपारी बघितलं, तर कपाळाला घाम. म्हटलं, काय होतंय रं? तवा सांगितलं त्यानं. चढण आली की छातीत दाटतंय म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, डाक्टरकडं जा. तो व्हय म्हणाला. आन म्हणाला, मारत्याला सांगू नका अण्णा, तो गाव गोळा करंल."

माझ्या हातात पाना होता. तो मी समोरच्या भिंतीवर फेकला. पत्रा दणाणला.

"अजून एक हाय तिथं," अण्णा म्हणाले. "त्यो बी फेक."

"तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं!"

"पायजे हुतं."

शब्द दिला होता म्हणाले नाहीत, वय झालं म्हणाले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझ्या ध्यानात आलं की ज्याने धीराने मोजलं, त्याच्याही पदरी पश्चात्तापच आला होता. मी विचारायला चुकलो होतो. ते सांगायला चुकले होते. आणि दादा, जो आमच्या दोघांच्याही जवळचा होता, तो आमच्या मधल्या मध्ये निसटून गेला होता.

थोड्या वेळाने मीच जाऊन पाना उचलून आणला.

अण्णांनी विचारलं, "त्या बाईंना मशीन किती येळ लागतं?"

"दोन तास."

"कुणी सांगितलं?"

"सरांनी. फोनवर."

"फोनवर समदीच भरलेली असत्यात. उद्या त्येंच्या घरी जा. दिवसभराची सवड काढून जा. मग ये, बॅटरी सांगतो. आन ऐक, मोजून आल्यावर ते कुणापासनं लपवू नको. माझ्यापासनं न्हाई, त्येंच्यापासनं न्हाई."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी पेठ्यांच्या दारात होतो. सर हसतच म्हणाले, "या, या! आमची मंडळी अगदी ठणठणीत आहे, बघा." काकू ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी दादाची आठवण काढली. माहेरच्या अंगणातल्या कलमी आंब्याचं वर्णन केलं. मशीनचं विचारलं, तर म्हणाल्या, "दोन तास हो. तेही सवय म्हणून."

एरवी इथेच मी उठलो असतो. ओठांवर आलेलं 'येतो' मी गिळलं आणि म्हणालो, "आज मला दुसरं काम नाही. बसलो तर चालेल ना?"

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं.

साडेदहाला काकूंची वाक्यं आखूड झाली. अकराला त्या दोन शब्द बोलून थांबू लागल्या. ओठांचा रंग बदलला, तरी त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. मी म्हणालो, "काकू, लाजू नका. लावा मशीन." सरांनी पटकन आतून मशीन ओढत आणलं, जणू ते कोणीतरी परवानगी देण्याचीच वाट बघत होते. अकराला लावलेलं मशीन मध्ये फक्त जेवणापुरतं निघालं. मी तिथेच जेवलो, तिथेच वर्तमानपत्र वाचलं. पाच वाजले, तरी मशीन चालूच होतं.

काकू म्हणाल्या, "खरं सांगू का? सहा तास लागतं. खरं सांगितलं असतं, तर तुम्ही न्यायला नाही म्हणाला असता."

सर खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, "तिला एकदा ते अंगण बघायचं आहे, म्हणून मीही खोटं बोललो. वाटेत काही झालं असतं, तर..."

"नेणार," मी म्हणालो. "पण सहा तासांच्या हिशेबाने. आणि आधी डॉक्टरांना विचारून."

अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी एकेक गोष्ट कागदावर मांडली. जुन्या दोन्ही बॅटऱ्या काढायच्या. मेलेल्या बॅटरीच्या जोडीला नवी लावली, तर ती नवीलाही ओढून घेते. पाणी भरायच्या बॅटऱ्या चार्ज होताना वाफ सोडतात, धाप लागणाऱ्या माणसाच्या पलंगाखाली त्या नकोत. म्हणून दोन लिथियमच्या घ्यायच्या, त्याही दिवसाचे सहा तास मशीन चालवून वर फ्रिजपुरतं उरेल इतक्या मोठ्या. रोज संध्याकाळी गाडी फिरवून त्या पुन्हा भरायच्या. आणि इतकं करूनही एक भरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर गाडीत बांधून ठेवायचा. नव्या बॅटऱ्या बसवल्यावर आम्ही तेवढंच ओझं टाकून दिवसभर शेडमध्ये बसलो. त्या दिवशी अण्णांनी कपाटाला कुलूप लावलं नाही. मीही मीटरला हात लावला नाही.

डॉक्टरांनी होकार दिला आणि फाल्गुनात आम्ही निघालो. अंगणात पाचोळा साचला होता. आंब्याला मोहोर होता. काकूंना मी गाडीच्या दारात खुर्ची टाकून दिली. आतून आलेली नळी त्यांच्या नाकाला लावलेली होती आणि मशीन एकसुरात चालू होतं. त्या तासन्‌तास त्या अंगणाकडे बघत राहिल्या. सर विहिरीकडे गेले होते.

दुपार कलली, तेव्हा मी बॅटऱ्या किती उरल्या ते बघायला निघालो. काकूंनी विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात, मारुती?"

"बरा आहे, काकू," मी म्हणालो आणि पायरीवर पाय ठेवला.

"बसा ना जरा," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. मशीन चालत राहिलं. उन्हं विहिरीच्या कठड्यावर आली, तेव्हा मी त्यांना दादाचं सांगायला सुरुवात केली.