पाळणखडपाजवळ होडी का थांबते

आमच्या किनाऱ्यापासून दोन तासांवर, भर समुद्रात, पाळणखडप नावाचे ओसाड बेट आहे; खडप म्हणजे खडक. चैत्र-वैशाखात तिथे हजारो सुरय पक्षी अंडी घालतात. ते पाहायला येणाऱ्यांना गुणाजी तांडेल होडीतून बेटाभोवती फिरवतात, पण उतरू कोणालाच देत नाहीत. शहरातून शिकून परतल्यापासून मीही त्यांच्याबरोबर जातो.

“आजोबा, पाचच मिनिटं! एक सेल्फी!” परवा एका पाहुण्याने विनवले.

“बाळंतिणीच्या खोलयेत सेल्फी काढतंस काय रे?” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी आवडूची गोष्ट सांगितली.

पूर्वी गावातले लोक ही अंडी सर्रास खात, असे सांगतात. धाकू खलाशाची बायको आवडू गरोदर होती. आधीची दोन बाळे जन्मताच गेलेली. या खेपेला तिला सुरयच्या अंड्यांचे डोहाळे लागले. धाकूने टोपलीभर अंडी आणली. त्याच्या होडीमागून एक सुरय आली आणि घराच्या आढ्यावर बसून आक्रोश करू लागली. आवडूने एक अंडे हातात घेतले, तर आतून बारीक चिवचिव आली.

“परत ठेवूक चल,” ती म्हणाली.

“अगो, डोहाळे तुझेच मा?”

“फिटले माजे डोहाळे.”

सासूने दार अडवले. “भरल्या दिसांची तू, खंय चललंस?” पण अंडी पदरात, पोटाशी धरून आवडू होडीत बसली. ती सुरय म्हणे वाट दाखवल्यासारखी पुढे उडत राहिली.

धाकूने अंडी होती त्याच कपारीत ठेवली आणि तिथेच, खडपाच्या आडोशाला, आवडूला कळा सुरू झाल्या. बाळ होडीतच जन्मले, पण रडेना. धाकूने त्याच्या छातीला कान लावला. पक्ष्यांच्या कलकलाटात काही ऐकू येईना. तेव्हा, असे सांगतात, सारे बेट एकाएकी गप्प झाले. त्या शांततेत धाकूला तिसऱ्या बाळाचा बारीकसा श्वास ऐकू आला. तो त्याची पाठ चोळत राहिला, बाळ रडेपर्यंत.

आजही खडपाजवळ आले की गुणाजीआजोबा इंजिन बंद करतात. पिल्लाचा आवाज ऐकू येईपर्यंत ते पुन्हा सुरू होत नाही.

परवाही आम्ही लाटांवर हलत बसून राहिलो. हळूहळू कलकलाट निवला. बऱ्याच वेळाने एका कपारीतून नाजूक चिवचिव आली.

“ऐकलंत?” सेल्फी मागणाराच सगळ्यांआधी कुजबुजला.