पाणकोंबडी

“मग ती वाचत का नाही, भन्ते?”

विहाराच्या ओसरीवर बसता बसताच विशाखानं विचारलं. चित्त ठरत नाही, अक्षरं जुळत नाहीत, अशा मुलांसाठी ती भंडाऱ्यात केंद्र चालवायची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकोन उजळायचे. मुलांनी त्यांचा क्रम ध्यानात ठेवायचा, तसेच दाबायचे. स्मरण पक्कं झालं की वाचन आपसूक येतं, असं ती प्रत्येक आईबापाला छातीठोक सांगायची.

“आमू चौकोनांत सगळ्यांच्या पुढं आहे. पण पुस्तक उघडलं की तोंड मिटतं. तिची आई म्हणते, शाळेतून काढते.”

वृद्ध भन्ते हसले.

“तू चौकोन शिकवलेस. ते आले तिला.”

“हो.”

“मग?”

विशाखानं पायरीकडं पाहिलं.

नऊ वर्षांची आमू पायरीवर बसली होती. भन्त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिचंच पुस्तक तिच्यापुढं उघडलं.

“तळ्यात… एक…” आमू अडली.

विशाखाचे ओठ उघडले. तेवढ्यात भन्त्यांनी तळहात वर केला.

आमूनं घाबरून मान उचलली. “वेळ संपली?”

केंद्रातल्या पडद्याखाली एक पट्टी सरकत असायची. ती सरली की भोंगा वाजायचा.

“इथं वेळ लावलीच कुठं?” भन्ते म्हणाले.

आमू पुन्हा पुस्तकाकडं वळली. पलीकडं कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. विशाखाच्या जिभेवर तो शब्द नुसता जळत होता. मुलासमोर इतका वेळ गप्प बसायची तिला सवयच नव्हती. भन्त्यांचा हात काही खाली येईना…

“पा… पाण…”

…

“पाणको… पाणकोंबडी.”

आमूचा चेहरा खुलला. “ही तर आमच्या गावच्या तळ्यात असते!”

पुढची ओळ तिनं कुणी न सांगता धरली. एक शब्द चुकली, थांबली, मागं आली, स्वतःच सुधारला. पुन्हा पुढं निघाली.

विशाखानं श्वास सोडला. कितीतरी महिन्यांचं ओझं खांद्यावरून उतरल्यासारखं तिला वाटलं. पुढचं पान अजून लांब होतं, तरी तिला हसू आलं.

“भन्ते, कॉम्प्युटर बंद करू का?”

“तिला आवडतो?”

“फार.”

“मग खेळू दे.”

“आणि तिच्या आईला काय सांगू? मी शब्द दिला होता, वाचन येईल म्हणून…”

भन्ते थोडा वेळ आमूचं वाचन ऐकत राहिले.

“सांग, आज आमू वाचत होती… आणि विशाखा ऐकत होती.”