पांढरे खडे आणि बाभळीतली विहीर

एका गावात एक कुजबुज होती. राजानं चौकशीला धाडलेला कारभारी रायाजी वेशीतून आत शिरला, तेव्हा पारावर दोन बायका बोलत होत्या. "दिवेलागणीला ठकूबाई विहिरीत वाकून मेलेल्याला हाक मारते गं. आणि मग ती विहीर..."

रायाजी दिसला आणि दोघींनी पदर तोंडाला लावला. राहिलेलं वाक्य राहिलंच.

त्याच कामासाठी तर तो आला होता. गावाची तक्रार होती की ठकूबाई भुतं जागवते, तिला हाकलून द्या. बाई म्हातारी, एकुलता मुलगा गेलेला. हाकलली तर जायची कुठे? रायाजीच्या एका शब्दावर तिचं घर होतं.

रायाजी मोजमापाचा माणूस. त्यानं चावडीत मडकं मांडलं. ज्यानं विहिरीला बोलताना ऐकलं त्यानं पांढरा खडा टाकायचा, नसेल ऐकलं तर काळा. पाटलांनी पहिला पांढरा टाकला. मागून सगळ्या गावानं टाकले. मडकं उपडं केलं तर काळा खडा औषधालाही नाही.

"झालं की," पाटील म्हणाले. "का आता भुताचीच साक्ष काढताय?"

रायाजीनं ठकूबाईला गाव सोडायला पुढच्या बाजारापर्यंत मुदत दिली. पण जेवताना त्याला एक गोष्ट खटकली. ती विहीर गावाबाहेर, बाभळीत. पाणी खारट, कुणी भरत नाही. मग सगळ्या गावानं ती ऐकली कशी? माणसं तिथे जातात तरी कशाला? खडे काही बोलेनात. बोलतील कसे, त्यांना ते विचारलंच कुणी होतं!

त्यानं मडकं बाजूला सारलं आणि ठकूबाईच्या शेजारच्या पडवीत मुक्काम हलवला. आता काही विचारायचं नाही, नुसतं राहायचं. तो बायकांबरोबर शेंगा फोडायला बसला.

"सरकारी माणूस आणि शेंगा फोडतोय! बायकोनं घराबाहेर काढलंय वाटतं," म्हणून बायका हसल्या. हसता हसता त्याच्यासमोर मोकळं बोलू लागल्या. तेव्हा कळलं, तेरावं झालं की गेलेल्याचं नाव घरात घ्यायचं नाही, अशी या गावाची रीत. घेतलं तर तो उंबऱ्यावर येऊन बसतो म्हणे.

दिवेलागणीला रायाजी विहिरीपाशी जाऊन बाभळीआड उभा राहिला. बाभळी काळ्या पडल्या होत्या. ठकूबाई आली, काठावरून वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "गोंदा, जेवलास का रे?"

खालून गार आवाज आला, "...लास का रे?"

रायाजीच्या अंगावर सरसरून काटा आला. ती गेली. मग अंधूक उजेडात आणखी कुणी आलं, कुजबुजून गेलं. मग आणखी कुणी. एकमेकांकडे कुणी बघेना. विहीर प्रत्येकानं घेतलेलं नाव परत देत होती, जरा जास्तच सावकाश. शेवटी पाटील आले. वाकून म्हणाले, "चिमे..." आणि वळले तर बाभळीआडून रायाजी पुढे आलेला.

पाटील काठावर बसले. "माझी लेक हो. घरात नाव घेता येत नाही. सगळेच येतात इथं, पण चोरून. ही ठकी तेवढी उघड ओरडते. आणि एकदा तिनं माझं रडणं ऐकलंय."

"मग कुणाला सांगितलं तिनं?"

"नाही," पाटील म्हणाले. "कुणालाच नाही."

सकाळी तक्रार त्यांनीच मागे घेतली. ठकूबाई आपल्या घरात राहिली.

गाव सोडताना रायाजी वाकडी वाट करून विहिरीवर गेला. आजूबाजूला कुणी नाही बघून वाकला आणि आपल्या गेलेल्या बहिणीला हाक मारली, "अक्का!"

"अक्का," विहीर म्हणाली. तो हसला. खोल विहीर आहे, आवाज घुमतो, एवढंच. भूतबीत काही नाही. तो निघाला.

"राया," मागून हळूच आलं.

हे नाव त्यानं घेतलं नव्हतं. त्या नावानं त्याला अक्काच हाक मारायची. तो वळला नाही. राजाला त्यानं बाकी सगळं सांगितलं, एवढं सोडून.

तात्पर्य: किती जणांनी ऐकलं ते खडे मोजून कळतं, का ऐकलं ते शेजारी बसल्यावरच, म्हणून आधी काय जाणायचं ते ठरवावं, मग विचारायची रीत निवडावी, आणि तरीही थोडं उरलं तर ते नाहीच असं म्हणू नये.