शेंड्यावरची जागा

फार जुन्या काळी सातपुड्यातल्या एका रानात वानरांचा कळप राही. झाडाच्या शेंड्यावर बसायचं आणि बिबट्या दिसताच हाक द्यायची, हे म्होरक्याचं काम. पण म्होरक्या दांडग्या एकदा बिबट्या दिसूनही गप्प राहिला, कारण बिबट्या त्याच्या विरोधकांच्या झाडाकडे निघाला होता. दोन पिल्लं गेली.

कळपानं त्याला खाली ओढलं आणि भुऱ्याला वर बसवलं. रीतीप्रमाणे दांडग्यानं आता सगळ्यांसमोर बसून काय पाहिलं ते सांगायचं होतं. पण त्या चौकशीनं कळप फुटेल, या धास्तीनं भुऱ्याला एका फांदीवर स्वस्थ बसवेना.

"चौकशी नको. मी त्याला माफ केलं," भुऱ्या शेवटी म्हणाला.

पिल्लू गमावलेल्या ढवळीनं विचारलं, "बिबट्या आला तर तू हाक देशील?"

"देईन की."

"तोही हेच म्हणायचा."

दांडग्या मात्र हसत जवळ आला. "शहाणा आहेस. तुझ्यावर वेळ आली की पुढचा तुलाही असाच सोडील."

 त्या दिवसापासून भुऱ्या शेंड्यावर डोळ्यांत तेल घालून बसे. तरी खाली प्रत्येक आई एक पान तोडी आणि मान वळवून स्वतःच झाडीकडे पाही.