एकेकट्याने सांगायची तक्रार

नदी आटली की वाळूत खोल झिरा खणून साऱ्या प्राण्यांची तहान भागवायची, अशी एका जंगलाची रीत होती. त्या जंगलात एक काटेरी साळू राहत असे. ती, तिची धाकटी बहीण, ससा आणि घोरपड मिळून खणायचे काम करीत. नियम सिंहाचे. दिवसभर खणेल त्याला संध्याकाळी पाणी; मध्येच हात थांबवील त्याला थेंबही नाही. तक्रार असेल तर ती गुहेत सिंहाचा दिवाण असलेल्या कोल्ह्याकडे न्यायची, तीही एकेकट्याने. घोळक्याने आलात तर बंड समजले जाईल! मुलांनो, नियम दिसायला किती साधा, नाही का?

झिरा खोल गेला तशी त्याची कड भुसभुशीत होऊ लागली. पाठीवर वाळू सांडली की साळू लगेच खाली वाकून बघे, कारण सर्वांत खाली तिची बहीण खणत होती. "वर ये गं," साळू म्हणे. "आणि संध्याकाळी काय पिऊ, ताई?" बहीण खालूनच विचारी. शेवटी जीव मुठीत धरून ती गुहेत गेली. "दिवाणजी, कड कधी कोसळेल याचा नेम नाही. आम्हाला उतार देऊन रुंद खणू द्या." कोल्ह्याने मोठ्या कळवळ्याने मान हलवली. "बाई, बाकी कुणाची काही तक्रार नाही. भीती तेवढी तुलाच वाटते." साळू ओशाळली. आपणच भित्री, असे मनाशी म्हणत ती पुन्हा खणू लागली. हे ती कुणाजवळही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कड कोसळली. "ताई!" एवढीच हाक आली आणि बहीण वाळूखाली गेली. साळू वेड्यासारखी वाळू उपसू लागली. ससा आणि घोरपडही धावले. बहीण जिवंत सापडली, पण तिचा मागचा पाय कायमचा अधू झाला. झिरा तर पार बुजला. संध्याकाळी सिंह कोल्ह्याला घेऊन कोरड्या घशाने आला आणि गरजला, "मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"मी सांगायला गेले होते," साळू म्हणाली.

"मीसुद्धा," ससा म्हणाला.

घोरपड चमकली. "अगं बाई, मीही गेले होते की! मला दिवाणजी म्हणाले, भीती तेवढी तुलाच वाटते."

कोल्ह्याने तिघांनाही तेच उत्तर देऊन परत पाठवले होते. सिंहाने कोल्ह्यावर पंजा उगारला. साळूचे काटे भीतीने ताठ झाले होते, तरी ती मध्ये पडली. "महाराज, याला हाकलाल तर उद्या दुसरा येईल. एकेकट्याने यायचा नियम तुमचा आहे, तो बदला. तक्रार इथे, झिऱ्याच्या काठावर, सगळ्यांसमोर ऐका. आणि कड हलली की वाटा न गमावता थांबायची मुभा द्या."

सिंह गुरगुरला. त्याला हे मुळीच रुचले नव्हते, पण घसा सुकला होता. "बरं, बघू उद्यापासून."

"आजपासून," साळू म्हणाली. ससा आणि घोरपड तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. सिंहाने मान डोलावली.

नवा झिरा खणताना सशाने एकदा "थांबा!" अशी हाक दिली. सगळे भराभर वर आले. कड काही कोसळली नाही. तरीही संध्याकाळी प्रत्येकाला पुरता वाटा मिळाला, आणि लंगडत आलेल्या बहिणीलाही.

तात्पर्य : कष्टकऱ्यांना एकेकटे पाडून ऐकणे म्हणजे न ऐकणेच; ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांना एकत्र बोलता येईल आणि न भिता थांबता येईल, तोच नियम खरा.