ठकूबाईची अंडी आणि मोरेश्वरपंतांची पाहणी

पक्षी माणसांइतकीच बढाई मारायचे, त्या काळातली ही गोष्ट. ठकूबाई कोंबडी अंड्यांवर बसली की उपाशी राहायची आणि दाणे टिपायला गेली की अंडी गार पडायची. श्रीमंत मोरेश्वरपंत मोराला तिची दया आली.

"ठकूबाई, रोज पसाभर ज्वारी माझ्याकडून. पिल्लांनी पुढे माझ्या कोठारातले किडे टिपावेत. तुमचं पोट भरेल, माझं धान्य वाचेल."

ज्वारी आली, पण तिच्यामागे पाहुणेही आले. पंत घटकेघटकेला म्हणायचे, "उठा बाई, गरिबी किती हटली ते मंडळींना दाखवू!" ठकूबाई उठायची आणि अंडी पुन्हा गार पडायची.

शेवटी ती वैतागली. "पंत, जरा तुम्हीच बसा. मी पाणी पिऊन येते."

मोर जन्मात पहिल्यांदाच अंड्यांवर बसला. तेवढ्यात साळुंक्यांचा घोळका आला. "उठा पंत, पिसारा फुलवा, काम दाखवा!"

पंत उठणारच होते, इतक्यात पोटाखाली बारीकशी टकटक झाली. ते जागीच थिजले.

ठकूबाई परतली. "उठा पंत, मी बसते."

"हळू बोला हो!" मोर डोळे वटारून कुजबुजला. "आणि आधी त्या साळुंक्यांना हाकला. अंडी गार पडतील ना!"