साडूपेक्षा हातभर लांब

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या कोष्ट्यांच्या एका गावात केरोबा नावाचा विणकर राहत होता. माग उत्तम चालवी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकच नाद होता त्याला, नदीच्या वाळूत सोने शोधण्याचा.

ती नदी डोंगरातल्या अरुंद घळीतून खाली येई आणि येताना सोन्याची बारीक कणी घेऊन येई. पण ती इतकी थोडी, की दिवसभर वाळू धुतली तरी नखावर मावेल एवढेच सोने हाती लागे. त्यावर कुणाची चूल पेटली नव्हती, म्हणून राजानेही तिकडे कधी लक्ष दिले नाही. उन्हाळ्यात नदी रोडावली, की हौशी माणसे भाकरी बांधून घळीत जात, वाळू धूत, गप्पा मारत आणि मोरपिसाच्या पोकळ दांडीत दोन-चार कण घालून घरी आणत.

केरोबाकडे एक लाकडी परात होती. परातीत वाळू घ्यायची, पाण्यात धरून गोल फिरवायची. हलकी वाळू काठावरून निघून जाते आणि जड सोने तळाशी राहते. त्याची बायको येसू शेजारी बसून त्याला वाळू चाळून देई. वर्षातले ते दोघांचे सुखाचे दिवस होते.

सगळे बिघडले ते साडूमुळे. येसूची धाकटी बहीण पलीकडच्या गावी दिली होती. तिचा नवरा रायाजी, त्यालाही हाच नाद. एका उन्हाळ्यात त्याने परात सोडून पन्हळ आणली. पन्हळ म्हणजे वरून उघडी असलेली लांब लाकडी नळी. तिच्या तळाशी घोंगडी अंथरायची, घोंगडीवर आडव्या पट्ट्या बसवायच्या, पन्हळ वाहत्या पाण्यात उतरती ठेवायची आणि वरच्या तोंडाशी वाळू टाकत राहायचे. पाणी वाळू वाहून नेते, सोने घोंगडीच्या लोकरीत अडकून राहते.

त्या वर्षी रायाजीच्या लेकीच्या बारशाला त्याने गव्हाच्या दाण्याएवढा सोन्याचा मणी सगळ्यांत फिरवला. फिरत फिरत तो केरोबाच्या तळहातावर आला, तेव्हा रायाजी म्हणाला, "साडूबुवा, परात पीठ मळायला ठीक असते."

सगळे हसले. केरोबाही हसला. पण घरी येईपर्यंत तो मणी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो येसूला घेऊन बाजाराला गेला. तिथे एक सुतार वाळू धुण्याची अवजारे विकत असे. त्याच्याकडे शिवणीच्या लाकडाच्या हलक्या पराती होत्या, बांबूच्या चाळण्या होत्या, आणि पांगाऱ्याची एक लहान पन्हळही होती, बगलेत मारून नेता येईल अशी. केरोबाने त्यांतल्या कशालाही हात लावला नाही. त्याने एवढेच विचारले, की पलीकडच्या गावच्या रायाजीने नेली ती पन्हळ केवढी होती. सुताराला गिऱ्हाईक कळले. त्याने मागच्या भिंतीला टेकवलेली सागवानाची पन्हळ पुढे ओढली. ही रायाजीच्या पन्हळीपेक्षा हातभर लांब आहे, त्याच्या पन्हळीतून निसटते ते हिच्यात अडकेल, असे त्याने सांगितले.

येसूने पन्हळीचे एक टोक उचलून पाहिले आणि खाली ठेवले. घळीत पायवाट कशी आहे हे तिला ठाऊक होते. एका बाजूने बकरीने चढावे तशी वाट, पलीकडच्या बाजूला सरळसोट कडा. डोंगरमाथ्यावर वळीव कोसळला, की इथे ऊन असतानाही नदीला लोंढा येई. म्हणून घळीत उतरणारा प्रत्येक जण एक कान वरच्या अंगाला लावूनच बसे.

"ही न्यायला दोघं लागणार," ती म्हणाली. "आणि पाणी वाढलं तर? टाकून पळाल?"

"लाकूडच आहे, येसू. जिवापेक्षा जास्त आहे का?" केरोबा म्हणाला, आणि त्या क्षणी ते त्याला खरेच वाटत होते. घरचे विणलेले जरीकाठी लुगडे देऊन त्याने ती पन्हळ घेतली. रायाजीकडे लोखंडी पहार आहे हे आठवले, म्हणून वर एक पहारही घेतली.

दोघे घळीत उतरले तेव्हा रायाजी आधीच येऊन बसलेला होता. नदीच्या मधोमध एक रुंद कातळ होता, त्याच्या कडेला त्याने आपली पन्हळ लावली होती. तो कातळ आणि अलीकडचा काठ यांच्यामध्ये पाण्याची एक अरुंद पण जोराची धार वाहत होती. तिच्यात टाकलेल्या दगडांवरून तो पलीकडे गेला होता. केरोबाने त्याच्या बरोबर समोर, अलीकडच्या काठाला आपली पन्हळ मांडली. रायाजीने मान वर करून पाहिले. पन्हळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची नजर गेली. मग तो पुन्हा वाळू ओढू लागला, पण आधीपेक्षा भराभर.

मग गप्पा नाहीत, गाणी नाहीत. इकडे एक घमेले पडले की तिकडे दोन पडत. येसू चाळत होती, पण केरोबाला चाळायलाही धीर नव्हता. तो दगडगोट्यांसकट वाळू लोटत होता. असेच काही दिवस गेले. घोंगडी काढून धुवावी, किती जमले ते पाहावे, असे येसू रोज म्हणे. पण रायाजीने आपली घोंगडी अजून काढली नव्हती, म्हणून केरोबाही काढीना. रोज संध्याकाळी पन्हळ तशीच दगडांनी दाबून दोघे गावाकडे परतत.

एके दिवशी दुपारी येसू पाण्यात हात घालून थांबली. पाणी गार झाले होते. थोड्या वेळाने एक हिरवी डहाळी वाहत आली, ताजी मोडलेली. मग फेस आला. खालच्या अंगाला वाळू धुणारी माणसे उठली, आपापल्या पराती काखेत मारून वाट चढू लागली. जाताना एका कुंभारणीने या तिघांना सांगितले, की वर डोंगर काळा झाला आहे, आता बसू नका.

येसूने चाळणी उचलली. केरोबा म्हणाला, "तू हो पुढे. मी आलोच."

ती काठावरच्या उंच दगडावर चढून उभी राहिली. केरोबाने रायाजीकडे पाहिले. रायाजी वाळू ओढतच होता. त्यानेही केरोबाकडे पाहिले आणि मान खाली घातली. आत्ता उठलो तर हा वर्षभर बारशा-लग्नांतून सांगत फिरेल, की साडू डहाळी बघून पळाला. केरोबाच्या मनात हेच चालले होते. हा उठला की मी उठतो, असे ठरवून त्याने आणखी एक घमेले लोटले.

पाणी घोट्याला होते ते पोटरीला आले. त्याचा रंग काताच्या पाण्यासारखा झाला. वरून एक आवाज येऊ लागला, दूर कुठे जाते फिरत असावे तसा. येसूने एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली.   तरी तो उठला नाही.

पाणी गुडघ्याशी आले तेव्हा रायाजी आधी हलला. मागे जायला टाकलेले दगड बुडालेले पाहून तो घाबरला होता. पण पन्हळ सोडून जाणे त्यालाही जमेना. त्याने वाळूने भरलेली पन्हळ तशीच उचलायला घेतली. तिचे वरचे टोक सुटताच धारेने ते गर्रकन फिरवले, आणि पन्हळीने त्याचा पाय कातळाच्या खाचेत चेपून धरला. तो दोन्ही हातांनी पन्हळ ढकलत राहिला. ती हलेना.

केरोबाने धारेत एक पाय घातला आणि लगेच मागे घेतला. पाण्याने त्याला पानासारखे उचलले असते. पलीकडे जायला काहीतरी लांब, भक्कम हवे होते. त्याच्या पायाशी त्याची पन्हळ होती. ती त्या कातळापर्यंत पोचली असती.

पण तिच्यात वाळू भरली होती, आणि वाळूखाली घोंगडी होती, आणि घोंगडीत इतक्या दिवसांचे सोने होते. पन्हळ उपडी केल्याशिवाय उचलणार नव्हती. येसू दगडावरून उतरून धावत आली आणि तिने एक टोक धरले. केरोबाने टोक धरले नाही. त्याने पट्ट्यांच्या खुंट्या उपटायला सुरुवात केली. एवढीच घोंगडी काढून घेतो, त्याला वाटले, एवढीशी तर आहे, कितीसा वेळ लागतो. भिजून फुगलेल्या खुंट्या निघेनात. एक निघाली. दुसरी निघाली. त्याने ओल्या घोंगडीची घडी ओढून काढली आणि काखेत मारली. ती बकरीच्या पिलाएवढी जड लागली. मग तो पन्हळ उचलायला वाकला, तर हात एकच मोकळा होता. एका हाताने पन्हळ उचलेना. घोंगडी ठेवायला त्याने कोरडी जागा शोधली. हाताशी एकही दगड पाण्याबाहेर उरला नव्हता.

तेव्हा त्याने वर पाहिले. पाणी रायाजीच्या छातीशी आले होते. रायाजी पन्हळ ढकलायचा थांबला होता आणि केरोबाच्या काखेतल्या घोंगडीकडे पाहत होता.

केरोबाने काख उघडली. घोंगडी पाण्यावर एकदा पसरली आणि गेली.

मग दोघांनी पन्हळ उपडी केली, उभी केली आणि धारेवर आडवी पाडली. तिचे टोक पलीकडच्या कातळावर आदळले आणि टेकले. येसू अलीकडच्या टोकावर अंगाचा सगळा भार टाकून बसली. केरोबा पहार उपरण्याने पाठीला बांधून, पोटावर सरपटत पलीकडे गेला. पाणी खालून पन्हळीला धडका देत होते, आणि प्रत्येक धडकेला लाकूड हातभर सरकल्यासारखे वाटत होते. कातळावर पोचून त्याने पहारेचे टोक साडूच्या पन्हळीखाली घातले आणि जिवाच्या कराराने दाबले. पाय सुटला. पाय कसा झाला होता ते त्याने पाहिले नाही. रायाजीला पुढे घातले आणि मागून ढकलत आणले. येसूने रायाजीचे मनगट धरले, आणि केरोबाचे गुडघे काठाला लागले तोच पन्हळ निसटून गेली. मागोमाग रायाजीचीही गेली. दोन्ही एकमेकींना आपटत घळीच्या वळणाआड दिसेनाशा झाल्या.

रायाजीला दोघांनी खांद्यांवर घेऊन वाट चढवली. वर वाटेच्या माथ्याशी असलेल्या सपाटीवर तिघे बसले. खाली आता नदी दिसत नव्हती, नुसते पाणी दिसत होते. रायाजीने विचारले, "साडूबुवा, तुम्ही वेळेवर का नाही उठलात?"

"तू उठतोस का बघत होतो," केरोबा म्हणाला.

रायाजी म्हणाला, "मीही तुमचीच वाट बघत होतो."

येसू आपल्या लुगड्याचा पदर फाडून रायाजीच्या पायाला बांधत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आणि मी तुम्हा दोघांची, भावोजी."



रायाजीचा पाय वाचला, पण सरळ झाला नाही. पाय खाचेत फार वेळ चेपलेला राहिला, नाहीतर हाड जुळले असते, असे वैदूने सांगितले. ते ऐकताना केरोबा तिथेच उभा होता. त्या फार वेळात दोन खुंट्यांचा वेळ होता, हे त्याला ठाऊक होते, आणि रायाजीलाही ठाऊक होते. रायाजीने तो विषय कधी काढला नाही. त्याने काढला असता तर केरोबाला बरे वाटले असते.

पुढच्या उन्हाळ्यात रायाजी घळीत उतरू शकणार नव्हता. काठीच्या आधाराने तो जेमतेम वरच्या सपाटीपर्यंत येई. केरोबाने शिवणीचे एक लाकूड आणले आणि सुताराकडे न जाता स्वतःच कोरायला बसला. मांडीवर ठेवून फिरवता येईल एवढीच लहान परात त्याने केली. तिचा काठ त्याने एका बाजूला उतरता ठेवला, म्हणजे बसल्या बसल्याही वाळू निथळावी. सपाटीवरच्या सावलीत त्याने मातीची एक कुंडी पाण्याने भरून ठेवली. मग रोज सकाळी तो आणि येसू घळीत उतरत, पाटीभर वाळू वर आणून रायाजीच्या पुढ्यात ओतत, आणि रायाजी धुवायला बसे.

पहिल्या दिवशी दोन कण निघाले. रायाजीने ते बोटाच्या टोकावर घेतले आणि केरोबापुढे धरले. केरोबाने ते मोरपिसाच्या दांडीत घातले. दांडी कुणाकडे ठेवायची यावर मात्र दोघे बराच वेळ हटून बसले. केरोबा म्हणे तुझ्याकडे, रायाजी म्हणे तुमच्याकडे. शेवटी येसूने ती आपल्या अंबाड्यात खोचली आणि दोघांपुढे भाकरी वाढली.

तात्पर्य एवढेच: अवजार आपल्या कामाच्या आणि आपल्या बळाच्या मापाने घ्यावे. दुसऱ्याला मागे टाकण्यासाठी घेतलेली वस्तू आपण हाती धरतो खरी, पण वेळ आली की तीच आपल्याला धरून ठेवते.